सोसणं वेगळं, सावरणं वेगळं

आमचे आबा करमाळ्याकडचे, नात्यानं आईचे मामा, वय ऐंशी. मागच्या दिवाळीत त्यांची नात पुण्याहून आली आणि तिनं हळूच सांगून टाकलं की आठ महिन्यांतच नोकरी सोडली. साहेब सगळ्यांसमोर ओरडायचा, रविवारी रात्रीपासून पोटात गोळा यायचा, झोप उडाली होती. आबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. "आम्ही बहात्तर काढलं," ते म्हणाले, आणि विषय तिथंच मिटला. बहात्तर काढलेल्या माणसापुढे कोण बोलणार?

'बहात्तर' म्हणजे १९७२-७३ चा दुष्काळ. विहिरी आटल्या, जनावरं कवडीमोल विकली गेली किंवा दावणीलाच मेली. माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांची माती उपसायला गेली. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. रेशनवर मिळणाऱ्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, त्या पिढीला अजून आठवते. हे सगळं भोगून उभा राहिलेला माणूस साहेबाच्या ओरडण्यानं हैराण झालेल्या नातीला लेचीपेची म्हणाला, तर त्याचा राग समजण्यासारखा आहे.

पण त्याचं म्हणणं बरोबर आहे का? आजची पोरं खरंच लवकर मोडतात का?

आधी शब्दांचा गुंता सोडवू. आपण 'कणखर' म्हणतो तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. एक म्हणजे सोसणं: दुखत असताना तोंडातून ब्र न काढता काम करत राहणं. दुसरी म्हणजे सावरणं: घाव बसला, माणूस खाली बसला, आणि काही काळानं पुन्हा पहिल्यासारखा खाऊ-पिऊ, हसू, कामधंदा करू लागला. मानसशास्त्रज्ञ अभ्यास करतात तो मुख्यतः या दुसऱ्या गोष्टीचा. नदीकाठचं लव्हाळं पुरात आडवं होतं आणि पाणी ओसरल्यावर उठून उभं राहतं. ते किती वेळ ताठ उभं होतं हे कोणी मोजत नाही, उठलं की नाही हे बघतात.

सोसलेला माणूस सावरलेला असतोच असं नाही. चाळीस वर्षं रोज कामावर गेलेला आणि रोज रात्री बायकोला मारणारा माणूस आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. त्यानं सोसलं खूप, सावरला मात्र नाही. आणि रडून, नोकरी सोडून, सहा महिन्यांनी दुसरीकडे नीट कामाला लागलेली मुलगी सोसण्यात नापास झाली, तरी सावरण्यात पास झालेली असू शकते. या लेखातलं पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

आता तक्रारीकडे वळू. 'हल्लीची पोरं' ही तक्रार किती जुनी आहे ते बघण्यासारखं आहे. व्हॉट्सॲपवर सॉक्रेटिसच्या नावानं एक उतारा फिरत असतो: आजची मुलं ऐषारामी झाली आहेत, मोठ्यांचा मान ठेवत नाहीत, वगैरे. तो सॉक्रेटिसचा नाहीच. केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्यानं, १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात, प्राचीन ग्रीक लोक तरुणांविषयी काय काय तक्रारी करत याचा सारांश आपल्या शब्दांत लिहिला होता, तो पुढे सॉक्रेटिसच्या नावावर चढला. पण रोमन कवी होरेस मात्र दोन हजार वर्षांपूर्वी खरोखर लिहून गेला आहे की आमचे आईबाप आजोबांपेक्षा वाईट निघाले, आम्ही त्यांच्याहून वाईट, आणि आमची पोरं आमच्याहून वाईट निघणार. हा हिशेब खरा असता तर एव्हाना माणूसजात रांगत असायला हवी होती. फार लांब कशाला, आज नातवंडांच्या केसांना नावं ठेवणारे आजोबा १९७०-७५ च्या सुमारास स्वतः कान झाकणारे केस आणि बेलबॉटम घालून हिंडत होते, आणि त्यांचे वडील कपाळाला हात लावत होते.

ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या का टिकते, याचा छान अभ्यास जॉन प्रोत्झको आणि जोनाथन स्कूलर या अमेरिकी संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. जवळपास साडेतीन हजार प्रौढांना त्यांनी आजच्या मुलांविषयी विचारलं. जे स्वतः मोठ्यांचा मान राखणारे होते, त्यांना आजची मुलं उद्धट वाटत होती. जे स्वतः भरपूर वाचणारे होते, त्यांना आजची मुलं वाचत नाहीत असं वाटत होतं. म्हणजे ज्या गुणात आपण पुढे, नेमका तोच गुण पोरांत कमी दिसतो. त्यामागचं कारण साधं आहे. आपलं बालपण आपल्याला जसंच्या तसं आठवत नाही. आठवताना आपण आजच्या स्वतःलाच मागे नेऊन बसवतो. ऐंशी वर्षांच्या आबांना चोवीस वर्षांचे आबा आठवत नाहीत, चोवीस वर्षांच्या अंगात बसलेले ऐंशी वर्षांचे आबा आठवतात. आणि अशा माणसासमोर नात कायमच कच्ची ठरणार.

याच प्रोत्झकोनं आणखी एक गंमत केली. लहान मुलासमोर एक गोड गोळी ठेवायची आणि सांगायचं, 'थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील.' हा प्रयोग १९६० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाला आणि तिथं पुन्हा पुन्हा होत राहिला. मोबाइल, टीव्ही, चटपटीत खाणं यामुळे आजची मुलं कमी वेळ थांबत असतील, असा अंदाज त्यानं विचारलेल्या तज्ज्ञांपैकी अर्ध्याहून अधिक जणांनी केला. पन्नास वर्षांचे आकडे काढले तर उलटं निघालं. मुलं दर दशकागणिक अधिक वेळ थांबू लागली होती. थांबता येणं म्हणजे सावरता येणं नव्हे, हे मान्य. पण तज्ज्ञांचा अंदाजही इतका चुकत असेल, तर ओसरीवरच्या अंदाजाचं काय घेऊन बसायचं.

आता जरा अवघड जागी जाऊ. आबांसारखी माणसं आपल्यासमोर बसून बहात्तर सांगतात, कारण ती उरली. जी उरली नाहीत ती दिवाळीला येत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात लढाईहून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोकं कुठं आहेत ते बघून तिथं पत्रा जाड करावा, असा विचार चालला होता. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की ही सगळी परतलेली विमानं आहेत. पत्रा जाड करायचा तो यांच्यावर जिथं भोकं दिसत नाहीत तिथं, कारण त्या जागी गोळी लागलेली विमानं परतलीच नाहीत. जुन्या पिढीच्या कणखरपणाचा हिशेब आपण असाच परतलेल्या विमानांवरून करतो. १९५१ च्या सुमारास भारतात माणूस सरासरी ३२ वर्षं जगत होता आणि जन्मलेल्या हजार बाळांपैकी सुमारे १४६ पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० मध्ये हाच आकडा देशात २८ आणि महाराष्ट्रात १६ झाला. पूर्वी जी बाळं गेली असती ती आज वाढतात, शिकतात, नोकरीला लागतात, आणि कधी साहेबाला कंटाळून राजीनामाही देतात.

जी जगली, पण आतून मोडली, तीही नजरेआड राहिली. त्यांच्यासाठी शब्द होते, फक्त ते आजाराचे नव्हते. 'डोक्यावर परिणाम झाला', 'बाहेरची बाधा', 'अंगात येतं', 'घर सोडून गेला तो परत आलाच नाही', 'पाय घसरून विहिरीत पडली'. गावच्या विहिरीवर इतक्या सुनांचे पाय कसे घसरत होते, हे कोणी विचारलं नाही. विचारायची सोयही नव्हती. आत्महत्येचा प्रयत्न हा भारतीय दंडसंहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता, त्यामुळे घरचे, डॉक्टर, पोलीसपाटील सगळेच अपघात लिहून मोकळे होत. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला, तेव्हा कुठे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरायचं ठरलं. म्हणून 'पूर्वी हे प्रकार नव्हते' या वाक्याचा खरा अर्थ बहुतेक वेळा 'पूर्वी हे प्रकार नोंदले जात नव्हते' एवढाच असतो.

पोलादी मानल्या गेलेल्या पिढ्याही काही पोलादी नव्हत्या. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानं ब्रिटिश सैनिकांचे हातपाय थरथरू लागत, वाचा जाई, डोळ्यांना काही दिसेनासं होई. पळून गेले, भित्रे निघाले अशा आरोपांखाली त्या सैन्यानं आपलेच ३०६ सैनिक गोळ्या घालून मारले. २००६ मध्ये ब्रिटननं त्यांना माफी दिली. कणखर पिढीच्या आठवणी सांगायला हे ३०६ जण अर्थातच नव्हते.

मग मुख्य प्रश्न उरतो. कष्टांनी माणूस घडतो की मोडतो? 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' असं आपण सहज म्हणतो. घावानं जे दगड दुभंगले त्यांच्यावर म्हण नाही.

मुंबईतलं उदाहरण घेऊ. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावात कष्टांची कमतरता नव्हती. भांडी विकली गेली, बायका खानावळी चालवू लागल्या, माणसं कोकणात आणि घाटावर परतली. काही घरांतली पोरं जिद्दीनं शिकून वर आली, तर शेजारच्याच खोलीतला बाप दारूत बुडाला आणि पोरगा टोळीत गेला. घाव एकच, चाळ एकच, निकाल वेगवेगळे. म्हणजे घडवण्याचं काम निव्वळ घाव करत नव्हता, आणखी काहीतरी होतं.

ते काहीतरी काय, याचा शोध हवाई बेटांपैकी काउआई या बेटावर फार चिकाटीनं घेतला गेला. एमी वर्नर आणि तिच्या सहकाऱ्यांनी १९५५ मध्ये तिथं जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग ती चाळिशीला येईपर्यंत काढला. त्यातली २०१ मुलं फार वाईट परिस्थितीत वाढत होती: गरिबी, घरात भांडणं, दारू, आईबापाचा मानसिक आजार. त्यांतल्या १२९ जणांना शिकण्यात, वागण्यात, पुढे कायद्याशी किंवा मनाशी गंभीर अडचणी आल्या. ७२ जण मात्र छान मोठे झाले. (हा बहात्तर योगायोगाचा.) त्या ७२ जणांत बऱ्याच ठिकाणी दिसलेली गोष्ट म्हणजे निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस. आई नसेल तर आजी, नाहीतर मावशी, शेजारीण, एखादे शिक्षक. शिवाय यांतली बरीच मुलं घरात कुठल्या ना कुठल्या उपयोगी कामाची जबाबदारी उचलत होती.

म्हणजे कष्ट बिनकामाचे, असंही नाही. मायकेल रटर या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञानं याची तुलना लशीशी केली होती. लशीत रोगाचा अंश असतो, पण पेलवेल इतकाच. २०१० मध्ये मार्क सीरी आणि सहकाऱ्यांनी दोन हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या आयुष्यातल्या संकटांची मोजदाद केली. ज्यांनी पुष्कळ संकटं भोगली होती त्यांचं मानसिक आरोग्य वाईट होतं, ते अपेक्षितच. पण ज्यांनी एकही संकट पाहिलं नव्हतं, त्यांचंही फारसं चांगलं नव्हतं. सगळ्यात बरे होते ते थोडीफार संकटं पाहिलेले. इथं आबांना निम्मे गुण द्यायला हवेत. जरासुद्धा उन्हात न गेलेलं रोप बाहेर लावलं की माना टाकतं, हे कुठलाही रोपवाटिकावाला सांगेल.

मात्रेबरोबर वयही महत्त्वाचं. ग्लेन एल्डर यांनी अमेरिकेतल्या १९३० च्या महामंदीत वाढलेल्या मुलांचा अभ्यास केला. १९२०-२१ मध्ये जन्मलेली मुलं मंदीच्या वेळी दहा-बारा वर्षांची होती. पेपर टाकणं, दुकानात हाताखाली काम करणं, घराला चार पैसे देणं त्यांना जमलं, आणि त्यातली बरीचशी पुढे चांगली निघाली. १९२८-२९ मध्ये जन्मलेल्यांना मात्र, विशेषतः मुलग्यांना, तीच मंदी जास्त लागली. त्यांच्या कोवळ्या वयात घरचा बाप बेकार आणि चिडलेला होता, आणि त्यांना करता येण्यासारखं काही नव्हतं. पुढे यातल्या अनेकांना हात मिळाला तो सैन्यातल्या नोकरीचा आणि सैनिकांच्या शिक्षणासाठी सरकारनं दिलेल्या पैशाचा. संकटानं जे मोडलं ते नंतर मिळालेल्या आधारानं बऱ्यापैकी सांधलं.

आता आजच्या मुलांकडे येऊ. काहीच बदललेलं नाही असं म्हणणंही खोटं ठरेल. अमेरिकेत दर दोन वर्षांनी शाळकरी मुलांची सरकारी पाहणी होते. सतत उदास वाटणाऱ्या मुलांचं प्रमाण २०११ मध्ये २८ टक्के होतं, ते २०२१ मध्ये ४२ टक्क्यांवर गेलं. त्याला मोबाइल किती जबाबदार यावर तिथल्या अभ्यासकांची जोरदार भांडणं चालू आहेत आणि मी त्यात पडणार नाही. शब्दही सैल झाले आहेत, हेही खरं. ऑस्ट्रेलियातले निक हॅस्लम यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की आघात, छळ, व्याधी या शब्दांच्या पोटात पूर्वी न बसणाऱ्या लहानसहान गोष्टीही आता येऊ लागल्या आहेत. 'ट्रॉमा झाला' हे मी चहात साखर कमी पडल्यावरही ऐकलं आहे. त्यानं खऱ्या दुखण्याचं मोल कमी होतं.

पण मला सगळ्यात मोठा बदल वाटतो तो वेगळा. मुलांच्या आयुष्यातली छोटी संकटं आम्ही मोठ्यांनीच काढून घेतली. इंग्लंडमध्ये १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुलं एकटी शाळेत जायची, १९९० मध्ये ९ टक्के. आपल्याकडची मोजणी करायला पाहणी नको, सोसायटीच्या फाटकाशी सकाळी उभं राहिलं तरी पुरे. विटीदांडूत भांडण झालं की ते पोरांनीच मिटवायचं असे. डाव रडीचा झाला तर खेळ बंद पडे आणि सगळ्यांचंच नुकसान होई, म्हणून तडजोड शिकावी लागे. आता भांडण झालं की आयांच्या ग्रुपवर मेसेज पडतो. महाराष्ट्रात एका बाईला होणाऱ्या मुलांची सरासरी २०१९-२१ च्या पाहणीत १.७ वर आली होती, म्हणजे घरात चुलत-मावस भावंडांची फौजही नाही. छोटे घाव गेले, आणि पहिला मोठा घाव बाविसाव्या वर्षी एकदम नोकरीत बसतो. लस चुकली, आणि थेट रोगच झाला.

आणि मोठ्या संकटांचं रूप बदललं. दुष्काळ सगळ्या गावावर येतो. तिथं कोणी 'तू नापास झालास' म्हणत नाही. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत पाचव्यांदा स्पर्धा परीक्षा देणारा मुलगा मात्र एकटाच हरतो, आणि हरल्याचा दोष स्वतःकडेच घेतो. आजोबांच्या पिढीत सरकारी नोकरी पेन्शनसकट असे. राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, आणि खासगीत तर पुढच्या वर्षीची खात्री नाही. हे मिलोच्या भाकरीपेक्षा कमी दुःख आहे, नक्कीच. पण ते आणखी वीस वर्षं चालणार आहे, आणि त्याला पाऊस पडला की संपणारा शेवट नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या आकड्यांत आत्महत्या केलेल्या विद्यार्थ्यांची संख्या १३,०४४ आहे. हा आकडा काळजाला घरं पाडणारा आहे आणि बातम्यांत येतो तो हाच. त्याच तक्त्यात आणखी एक ओळ आहे, ती कमी वाचली जाते. त्या वर्षी गेलेल्या १,७०,९२४ जणांपैकी चतुर्थांशाहून अधिक माणसं रोजंदारीवर काम करणारी होती. कष्टांनीच माणूस कणखर होत असता, तर ही ओळ सगळ्यात लहान असायला हवी होती.

एका बाबतीत मात्र आजची पिढी जुन्यांच्या पुढे आहे, आणि ते मी बिनदिक्कत म्हणेन. ती सांगते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक, आणि तिथं मराठीतही बोलता येतं. आबांच्या काळात असा क्रमांक असता तर घरच्या कोणी तो फिरवला असता का? मला शंका आहे. मदत मागायला सोसण्याचं बळ लागत नाही, पण सावरायला मदत लागते, हे काउआईच्या बेटावर दिसलंच.

त्या दिवाळीत जेवणं झाल्यावर नात पुन्हा आबांजवळ येऊन बसली. मी सुपारी कातरत होतो. तिनं विचारलं, "आबा, तुम्ही सातवीत शाळा का सोडली हो?"

"मास्तर लई मारायचे," आबा म्हणाले. "एकदा हाताला वळ उठले, त्या दिवशी जे घरी आलो ते परत गेलोच नाही."

"मग घरचे काय म्हणाले?"

"काय म्हणणार? बापानं बैलं दिली हातात. घरचं रान होतं. आज्जी म्हणाली, राहू दे पोराला." आबा थोडा वेळ गप्प झाले. मग त्यांनी पानाचा डबा पुढे ओढला आणि तिला म्हणाले, "तुझं दुसरीकडं कुठं काही बघितलंस का? नसंल तर राहा की इथं महिनाभर."